सर्दी आणि फ्लूवर घरी उपचार: कशानंतर काय, किती आणि कुठे थांबायचं

वाफ, गुळण्या, मध, भरपूर पाणी, आराम. सर्दीवरची ही यादी सगळ्यांना तोंडपाठ असते, आणि यादीत फारसं चुकीचं काही नाही. चुकतं ते प्रमाण, क्रम आणि वेळ. पाणी गॅसवर उकळत असतानाच त्यावर तोंड धरलं जातं. नाक धुवायला सरळ नळाचं पाणी घेतलं जातं. तापाची एक गोळी आणि ‘सर्दीची’ दुसरी गोळी घेतली की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट पोटात जातं. पाणी आणि झोप यांची आठवण मात्र तिसऱ्या दिवशी येते, तोवर माणूस गळून गेलेला असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. खाली सांगितलेल्या उपायांपैकी एकही विषाणूला मारत नाही. ते काम तुमचं शरीर करतं आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागतो. घरगुती उपायांनी नाक मोकळं होतं, घशाला आराम मिळतो, अंगात पाणी टिकतं आणि झोप लागते. म्हणून उपाय लागू पडतोय का हे बघताना ‘सर्दी गेली का?’ असं विचारू नका. रात्री झोप लागली का, पाणी जातंय का, लघवी नेहमीसारखी होतेय का, एवढंच विचारा. या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही नीट चालला आहात.

## टप्पा १: आधी ओळखा, मग उपाय करा

साधी सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका आणि पाण्यासारखं वाहणारं नाक, मग नाक चोंदतं आणि खोकला लागतो. मोठ्यांना ताप येत नाही, आला तरी कणकण असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि ७ ते १० दिवसांत माणूस बरा होतो. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत, त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वांत जास्त आढळतो.

फ्लू अंगावर आदळतो. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून झोपलेला असतो. ताप चढतो, अंग ठणकतं, डोकं दुखतं, कोरडा खोकला लागतो आणि उठून बसायलाही नको वाटतं. हा इन्फ्लुएन्झाचा विषाणू. संसर्गानंतर १ ते ४ दिवसांत तो लक्षणं दाखवतो.

कोविड यातल्या कुठल्याही रूपात येऊ शकतो. केवळ लक्षणांवरून तो ओळखता येत नाही, त्यासाठी चाचणीच हवी. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ती पहिल्या एक-दोन दिवसांतच करून घ्या.

आणखी दोन शक्यता लोक विसरतात. डोळे आणि नाक खाजतंय, एकामागून एक शिंका येतात, ताप अजिबात नाही आणि हे दोन-दोन आठवडे चालतं, तर ती बहुधा ॲलर्जी आहे. ताप भरपूर आहे पण नाक, घसा, खोकला यांचा मागमूस नाही, तर त्याला ‘व्हायरल’ म्हणून घरी ठेवू नका. डासांमुळे होणारे ताप, लघवीचा संसर्ग असं बरंच काही त्यामागे असू शकतं. त्यासाठी रक्त-लघवीची तपासणी लागते.

इशारा: फ्लूसारखी लक्षणं आहेत आणि वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे, गरोदरपण आहे, मूल ५ वर्षांपेक्षा लहान आहे (विशेषतः २ वर्षांच्या आतलं), किंवा दमा, मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचा आजार आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, तर घरगुती उपायांवर दिवस घालवू नका. फ्लूवरचं विषाणूरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. ‘दोन दिवस वाट बघू’ म्हणता म्हणता नेमकी तीच वेळ निघून जाते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

## टप्पा २: अंगात ताकद आहे तोवर तयारी

घसा खवखवायला लागला त्याच संध्याकाळी हे करून ठेवा. दुसऱ्या दिवशी ताप चढल्यावर कपाट धुंडाळायची इच्छा राहत नाही आणि मग हाताला लागेल ती गोळी घेतली जाते.

जवळ ठेवायचं सामान फार नाही: चालू स्थितीतला थर्मामीटर, पॅरासिटामॉल, मीठ, मध, क्षार-संजीवनीची म्हणजे ओआरएसची पाकिटं, झाकण असलेली पाण्याची बाटली, टिश्यू किंवा स्वच्छ रुमालांचा गठ्ठा आणि झाकणाची कचरापेटी. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) आणि नेहमीचा इनहेलर हाताशी हवा. इनहेलरमध्ये औषध शिल्लक आहे ना, तेही बघा.

आता तयारीतलं सर्वांत महत्त्वाचं काम. घरातली तापाची, सर्दीची, अंगदुखीची सगळी औषधं टेबलावर मांडा आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. पुढचं मोठं नाव वाचून काहीच कळत नाही. बघायचं ते घटकद्रव्य. ‘पॅरासिटामॉल’ किंवा ‘ॲसिटामिनोफेन’ ही एकाच औषधाची दोन नावं. ज्या ज्या पाकिटावर यातलं एक दिसेल त्यावर पेनाने ठळक ‘पॅ’ लिहा आणि शेजारी किती मिलिग्रॅम ते लिहा. बहुतेक घरांत अशी दोन-तीन तरी निघतात. यातलं एका वेळी एकच घ्यायचं.

मग एक कागद भिंतीला चिकटवा आणि त्यावर चार रकाने आखा: वेळ, ताप, औषध, पाणी. तापात माणसाला गोळी कधी घेतली ते आठवत नाही, आणि घरात दोघं काळजी घेणारे असतील तर दोघंही एकेक गोळी देऊन मोकळे होतात. हा कागद ते थांबवतो. पुढे डॉक्टरांकडे जावं लागलं तर तोच सोबत न्या.

एकटे राहत असाल तर आजच कुणाला तरी सांगून ठेवा की रोज सकाळ-संध्याकाळ फोन कर, आणि उचलला नाही तर येऊन बघ.

## टप्पा ३: पहिले दोन दिवस पाणी आणि झोप

तापात घाम आणि श्वासावाटे पाणी जातं. नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे घसा आणखी सुकतो. पाणी कमी पडलं की शेंबूड आणि कफ घट्ट होतो, डोकं जास्त दुखतं, आणि पुढचे सगळे उपाय निम्मे निष्फळ ठरतात.

१. एकदम तांब्याभर पाणी पिऊ नका. मळमळत असेल तर ते उलटून पडतं. दर १५–२० मिनिटांनी चार-पाच घोट, असं दिवसभर चालू ठेवा.

२. कोमट असावं की साधं हे ज्याच्या त्याच्या घशावर सोडा. गरम पातळ पदार्थांनी घशाला बरं वाटतं आणि चोंदलेलं नाकही थोडं सुटल्यासारखं वाटतं. सूप किंवा पातळ खिमट चांगलं, कारण त्यातून पाण्यासोबत मीठही जातं.

३. ताप खूप असेल, उलट्या-जुलाब असतील किंवा खाणंच बंद झालं असेल तर ओआरएस द्या. पाकीट ज्या मापाच्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण मिसळा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घालू नका. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ म्हणजे चमच्यावरचा ढीग सुरीने सरकवून सपाट केलेला. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं.

४. भूक नसेल तर खाण्याची जबरदस्ती नको. एक-दोन दिवस अन्न कमी गेलं तर मोठ्या माणसाचं बिघडत नाही, पाणी कमी गेलं तर बिघडतं. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांनी मात्र उपाशी राहू नये आणि साखर जास्त वेळा तपासावी.

५. झोपा. ‘अंगावर काढणं’ हा शूरपणा फ्लूत महागात पडतो. तापात व्यायाम तर पूर्ण बंद. काही वेळा विषाणूचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर होतो आणि तेव्हा दमछाक धोक्याची ठरते.

तपासा: लघवीचा रंग फिकट पिवळा आहे का आणि मोठ्या माणसाला दर ६ तासांत एकदा तरी होतेय का? गडद पिवळी किंवा फार कमी असेल तर पाणी वाढवा.

इशारा: हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल तर ‘भरपूर पाणी’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही. किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

## टप्पा ४: नाक मोकळं करणं

रात्रीचा निम्मा त्रास नाकाचा असतो. झोप लागत नाही, तोंड कोरडं पडतं, मागे उतरणाऱ्या शेंबडाने खोकल्याची उबळ येते. म्हणून खोकल्याच्या औषधाकडे वळण्याआधी नाकाकडे बघा. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, त्यामुळे हा टप्पा सावकाश वाचा.

### मिठाच्या पाण्याने नाक धुणं

पाण्यापासून सुरुवात करू. प्यायला चालणारं पाणी नाकात चालतंच असं नाही. पोटातलं आम्ल जे सूक्ष्मजीव मारून टाकतं ते नाकातून थेट मेंदूजवळ पोहोचू शकतात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा याच वाटेने शिरतो. हा संसर्ग अतिशय क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जिवावर बेततो. घरातल्या साध्या फिल्टरवर विसंबू नका.

१. पाणी खळखळून उकळी आल्यावर ३ ते ५ मिनिटं उकळा. झाकून कोमट होऊ द्या. निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी मिळालं तर उकळायची गरज नाही.

२. अर्धा लिटर पाण्यात पाऊण सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम मीठ. शक्यतो आयोडीन न घातलेलं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबत नाही. मीठ पूर्ण विरघळू द्या.

३. हात धुवा. बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घेत राहा.

४. हे पाणी नाक धुण्याच्या बाटलीत भरा, तिचं टोक वरच्या नाकपुडीला लावा आणि हलक्या हाताने पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडेल. थोडं तोंडात आलं तर थुंकून टाका. या वेळी बोलू नका, गिळू नका.

५. दुसऱ्या बाजूने तेच करा. मग दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून अलगद नाक शिंकरा.

६. बाटली धुवून उघडी वाळवा. उरलेलं पाणी झाकून ठेवलं तरी २४ तासांनंतर टाकून द्या.

दिवसातून एक-दोन वेळा पुरे. नाकात झोंबलं तर दोन कारणं असतात: मीठ कमी-जास्त झालंय किंवा पाणी फार गरम वा गार आहे. एक बाजू पूर्ण बंद असेल आणि पाणी पुढे जात नसेल तर जोर लावू नका, कानात दडा बसतो. कान दुखत असेल तर नाक धुणं थांबवा.

हे सगळं झेपत नसेल तर औषधाच्या दुकानातले सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, नाकात घालायचे थेंब किंवा फवारा तेच काम बऱ्याच अंशी करतो. तान्ह्या बाळासाठी तर थेंबच: प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग रबरी पंपाने अलगद ओढून घ्यायचं. हे दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी करा. नाक चोंदलेलं बाळ दूध ओढू शकत नाही, आणि आपल्याला वाटतं की त्याला भूक नाही.

चूक: दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात नाक शिंकरणं. त्याने शेंबूड उलटा कानाच्या आणि सायनसच्या दिशेने ढकलला जातो. एका वेळी एकच बाजू दाबा, आणि हलकेच.

### वाफ

वाफेने सर्दीचे दिवस कमी होतात असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि बरं वाटत असेल तर मोठ्यांनी जरूर घ्यावी. पण वाफेचं भांडं कलंडून भाजल्याचे प्रकार घडतात, आणि त्यांत मुलं जास्त असतात. म्हणून मुलांसाठी भांड्याची वाफ नकोच. न्हाणीघराचं दार लावून गरम पाणी सोडा आणि मुलाला घेऊन त्या दमट हवेत दहा मिनिटं बसा, पाण्याजवळ नको.

मोठ्यांनी भांडं गॅसवरून उतरवून, उकळी शांत झाल्यावर, पक्क्या टेबलावर ठेवावं. मांडीवर नाही, पलंगावर नाही. चेहरा हातभर दूर, डोळे मिटलेले, ५ ते १० मिनिटं. चेहऱ्याला चटका बसतोय म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. दमा असेल आणि वाफेने छाती आवळल्यासारखी वाटली तर ताबडतोब थांबा.

चूक: गरम पाण्यात चोळायचा बाम टाकणं. तो उसळून डोळ्यांत आणि चेहऱ्यावर उडू शकतो. बाम फक्त छातीवर आणि गळ्यावर लावायचा, नाकपुडीत कधीच नाही. २ वर्षांखालच्या मुलांना कापराचा बाम लावूच नका. कापूर पोटात किंवा नाकात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

### नाक उघडणारे औषधी फवारे

ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन असे फवारे काही मिनिटांत नाक उघडतात, म्हणूनच ते सुटत नाहीत. ३ दिवसांपेक्षा जास्त वापरले तर औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा फवारा मारतो. पहिल्या वापराची तारीख बाटलीवरच लिहा. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको, लहान मुलांना तर नकोच.

## टप्पा ५: घसा आणि खोकला

गुळण्यांचं प्रमाण असं: पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिली कोमट पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ. घोट घ्या, मान मागे टाका, २०–३० सेकंद घशाशी खळखळवा, थुंका. पेला संपेपर्यंत. दिवसातून तीन-चार वेळा. पाणी जास्त गरम असेल तर आधीच सुजलेला घसा पोळतो. साधारण ६ वर्षांखालच्या मुलांना गुळण्या जमत नाहीत, ती पाणी गिळतात, त्यांच्या मागे लागू नका.

खोकल्यावर मधाचा उपयोग होतो, विशेषतः रात्रीच्या. झोपण्याआधी मोठ्यांना एक चहाचा चमचा, १ ते ५ वर्षांच्या मुलांना अर्धा. तसाच चाटवा किंवा कोमट पाण्यात द्या.

इशारा: १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायचाही नाही. मधात बॉट्युलिझमचे जिवाणूबीज असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

काढा घेत असाल तर सौम्य आणि थोडा घ्या. दिवसभर तिखट काढा ढोसल्याने पोटात जळजळ होते, आम्ल वर येतं आणि त्यानेच खोकला वाढतो. रक्तदाबाच्या माणसांनी ज्येष्ठमध टाळावं, त्याने दाब वाढतो.

कफ पडत असेल तर खोकला दाबू नका, तो छाती साफ करतोय. पाणी वाढवा. लहान मुलांना, ६ वर्षांच्या आत, दुकानातून आणलेली सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. त्यांचा फायदा नगण्य आणि दुष्परिणाम खरे.

शेंबूड किंवा कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. सर्दीत काही दिवसांनी रंग बदलणं नेहमीचंच, तो पांढऱ्या पेशींमुळे येतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

## टप्पा ६: ताप आणि अंगदुखी

ताप मोजा. कपाळाला हात लावून समजत नाही. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट आणि त्यावर असेल तर तो ताप. काखेत मोजलेला आकडा अर्ध्या अंशाने कमी दिसू शकतो. तोंडात मोजणार असाल तर गरम-गार काही प्यायल्यानंतर २० मिनिटं थांबा.

आकडा खाली आणण्यासाठी औषध घ्यायचं नसतं, जीवाला आराम पडावा म्हणून घ्यायचं. ३८.३ ताप असून मूल खेळतंय, पाणी पितंय, तर औषध पाजायची गरज नाही, झोपेतून उठवून तर नाहीच.

मोठ्यांसाठी पॅरासिटामॉल: एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, रोज दारू घेत असाल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा याहून बरीच खाली, ती विचारून घ्या.

आता हिशोब बघा. ६५० ची तापाची गोळी आणि ५०० पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी एकत्र घेतली तर एका वेळी ११५० झाले. दिवसातून चार वेळा घेतलं की ४६००. माणसाला वाटतं आपण दोन वेगळी औषधं घेतोय. यकृतावर होणारा परिणाम पहिल्या दिवशी जाणवतही नाही. म्हणून टप्पा २ मधलं ‘पॅ’ लिहिणं टाळू नका.

मुलांसाठी: डोस वजनावर ठरतो, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम लागतं. एका बाटलीवर ‘५ मिलीत १२० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असेल तर ते ५ ते साडेसात मिली. दुसरीवर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ असेल तर तेवढंच औषध अडीच ते साडेतीन मिलीत आलं. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर डोस दुप्पट होतो. तान्ह्यांचे थेंब याहूनही तीव्र असतात. लेबल दर वेळी वाचा आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता सोबतची सिरिंज किंवा टोपण वापरा.

इशारा: १८ वर्षांखालच्या मुलांना फ्लूसारख्या आजारात ॲस्पिरिन देऊ नका, राय सिंड्रोम नावाचा मेंदू-यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. डेंग्यूची शंका असेल, पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा अंगात पाणी कमी पडलं असेल तर आयबुप्रोफेन हे ताप-अंगदुखीवरचं दुसरं औषधही नको.

हुडहुडी भरली असेल तर हलकं पांघरूण द्या, थांबली की काढा. गोधड्यांखाली दडपून ‘घाम काढणं’ म्हणजे उष्णता आत कोंडणं. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाच्या पाण्याने कापरं भरतं आणि ताप उलट चढतो. स्पिरिटने पुसणं पूर्ण टाळा, ते त्वचेतून आणि श्वासातून अंगात जातं.

झिंक आणि क जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. झिंकच्या चघळायच्या गोळ्या पहिल्या २४ तासांत सुरू केल्या तर सर्दी थोडी लवकर आटोपू शकते, पण पुरावे एकसारखे नाहीत आणि मळमळ होते. नाकातला झिंकचा फवारा मात्र नको, वास कायमचा जाऊ शकतो. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या क जीवनसत्त्वाचा फारसा उपयोग दिसलेला नाही.

## टप्पा ७: रात्रीचा क्रम

झोपायच्या तासभर आधीपासून या क्रमाने जा: नाक धुणं, मग गुळण्या, मग गरज असेल तर तापाचं औषध (कागदावर वेळ बघून), सर्वांत शेवटी मध. मधावर लगेच गुळण्या केल्या तर मध धुऊन जातो. उशाशी पाणी, टिश्यू, थर्मामीटर ठेवा. मोठ्यांनी एक उशी जास्त घेऊन डोकं-खांदे थोडे उंच ठेवावेत. तान्ह्या बाळाला उशी नको, त्याला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवरच झोपवा. गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेतली असेल तर सकाळीही गाडी चालवताना सावध राहा.

## टप्पा ८: रोज बघायचं आणि घरगुती उपाय सोडायचे

रोज सकाळ-संध्याकाळ कागदाकडे बघा. कालच्यापेक्षा आज बरं, तसंच की वाईट? दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर घाबरू नका.

पुढचं काही दिसलं तर मात्र तात्काळ दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी:

- श्वास लागणं, बोलताना वाक्य पूर्ण न होणं, छातीत दुखणं किंवा दाब
- ओठ किंवा चेहरा निळसर, ऑक्सिमीटरवर वारंवार ९४ च्या खाली
- बरळणं, जागं न होणं, झटका
- ६–८ तास लघवी नाही, पाणीही पोटात टिकत नाही
- मान ताठ, असह्य डोकेदुखी, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे डाग
- ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप

मुलांचा श्वास शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा, शर्ट वर करून पोटाची हालचाल बघत. २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास वेगात आहे. फासळ्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजतही बसू नका.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावं अशा गोष्टी: ताप ३ दिवसांपेक्षा जास्त राहिला, कान दुखतोय, १० दिवसांनी सुधारणा नाही. आणि ही एक खूण अनेकांच्या नजरेतून सुटते: ताप उतरला, एक-दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा जोरात ताप आला. हे बऱ्याचदा फ्लूनंतर जडलेल्या न्यूमोनियाचं लक्षण असतं. ‘परत सर्दी झाली’ म्हणून घरी थांबू नका.

## टप्पा ९: घरातल्यांना जपणं आणि कामावर परतणं

फ्लू लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे ५ ते ७ दिवस पसरतो. वेगळी खोली जमली तर उत्तम. नाहीतर खिडकी उघडी ठेवा, अंथरुणात अंतर ठेवा, आणि आजारी माणसाने तसंच काळजी घेणाऱ्यानेही मास्क लावावा. नाक पुसल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा. टॉवेल, पेला, चमचा वेगळा. स्तनपान करणाऱ्या आईने दूध थांबवू नये, मास्क लावून आणि हात धुवून पाजावं.

तापाचं औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि बाकी त्रासही उताराला लागला असेल तर बाहेर पडा. सकाळी गोळी घेऊन ताप दाबायचा आणि मुलाला शाळेत पाठवायचं, यात दुपारी ताप परत चढतो आणि वर्गातली आणखी मुलं आजारी पडतात. पुढचे काही दिवस गर्दीत मास्क वापरा.

खोकला सर्वांत शेवटी जातो. बाकी सगळं बरं झाल्यावरही तो दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यासाठी नवं औषध शोधत बसायची गरज नसते. नाक धुणं आणि मध चालू ठेवा. तीन आठवडे उलटले, कफात रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर छाती तपासून घ्या. व्यायाम सुरू करताना पहिले दोन-तीन दिवस फक्त चाला, आणि चालताना धडधड झाली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.